वाचक विचारतात: गोल्ड रशच्या चिनी वस्त्या आणि आपला मेटल डिटेक्टर

मागच्या अंकात मी इथल्या एका रँचवर निघालेल्या चौकोनी भोकाच्या चिनी नाण्याविषयी, आणि अशा वस्तू उगाच खणून काढू नयेत याविषयी, अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं मला काय, संपादकांनाही वाटलं नव्हतं. निम्म्या पत्रांचा सूर 'कुठे सापडेल?' असा, उरलेल्यांचा 'विकलं तर किती येतील?' असा. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी मूळची डोंबिवलीची, आता कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, ग्रास व्हॅलीच्या अलीकडे राहते. नोकरी संपल्यावर मेटल डिटेक्टर हातात घेतला आणि पुढे पुरातत्त्ववाल्यांच्या खोदकामांवर चाळण हलवायला स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. दोन्ही घरचं मीठ खाल्लंय, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी माझ्यावर थोडी थोडी नाराज असतात.

साठीला मुलानं डिटेक्टर भेट दिला. आमच्या आसपास गोल्ड रशच्या (सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीच्या) काळातले चिनी कॅम्प होते असं ऐकतो. तिथे जाऊन शोधलं तर चालतं का? (एक वाचक, फॉलसम)

तुमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. दुष्काळाच्या वर्षी फॉलसम तलावाचं पाणी उतरतं, तळातली मॉर्मन आयलंडची जुनी वस्ती उघडी पडते आणि हौशी मंडळी यंत्रं घेऊन खाली उतरतात. तो सगळा परिसर राज्य उद्यानाचा आहे. तिथली जुनी वस्तू उचलणं हा गुन्हा आहे, मग ती चिखलात नुसती पडलेली का असेना. 'पाणी आलं की परत बुडणारच आहे' हा युक्तिवाद रेंजरपुढे चालत नाही.

जमीन कुणाची, यावर सगळं ठरतं. नॅशनल फॉरेस्ट आणि केंद्राच्या इतर जमिनींवर १९७९ चा पुरातत्त्व संसाधन संरक्षण कायदा लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय खणली किंवा उचलली, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वस्तूची किंमत आणि जागेची झालेली नासधूस मिळून ५०० डॉलरच्या वर गेली, की आकडे २०,००० डॉलर आणि दोन वर्षं असे होतात. खड्डा बुजवण्याचा आणि तज्ज्ञाच्या पाहणीचा खर्च धरला तर ५०० डॉलर व्हायला एक दुपार पुरते. यंत्र आणि गाडी जप्त होऊ शकते ते वेगळंच. राष्ट्रीय उद्यानात तर जोडलेला डिटेक्टर नुसता हातात असला तरी तुम्ही अडचणीत. मुलाच्या भेटीची अशी वाट लावू नका.

राहिली खासगी जमीन. इथे मालकाची परवानगी हवी, आणि तीही लेखी. तोंडी 'हो हो, या कधीही' याला अर्थ नाही. म्हातारे आजोबा हो म्हणतात आणि शनिवारी त्यांचा मुलगा कुत्रा सोडतो. माझ्या कागदावर असतं ते असं: रँचचा कुठला भाग, कुठल्या तारखा, सापडलेलं कुणाचं, हाडं दिसली तर काय करायचं, आणि गेटबद्दल एक ओळ. उघडं असलेलं गेट उघडं ठेवायचं, बंद असलेलं बंद करायचं. गुरं बाहेर गेली तर मालक पुन्हा दारात उभं करत नाही, आणि त्याच्यानंतर त्या भागातला एकही मालक करत नाही. कॅलिफोर्नियात आणखी एक कलम आहे: ऐतिहासिक मोलाच्या वस्तूची मालक नसलेल्या माणसानं नासधूस केली, तर जमीन खासगी असली तरी तो गुन्हाच.

आता कॅम्प कुठे असत ते. जानेवारी १८४८ मध्ये जेम्स मार्शलला कोलोमात सोनं दिसलं. चिनी माणसं मोठ्या संख्येनं आली ती जरा मागून; १८५२ या एका वर्षात वीसेक हजार उतरली, बहुतेक ग्वांगडोंग प्रांतातल्या मोजक्या तालुक्यांमधली. तोवर चांगले क्लेम, म्हणजे सोनं काढायच्या हक्काच्या जागा, गेलेले होते. वर परदेशी खाणकामगारांवरचा कर: १८५० मध्ये महिना २० डॉलर, तो गुंडाळल्यावर १८५२ पासून ३ आणि मग ४ डॉलर. तो वसूल मुख्यतः यांच्याकडूनच होई. मग गोऱ्यांनी धुऊन टाकलेली रेती परत धुवायची, सोडलेला ओढा परत उपसायचा. म्हणून चिनी वस्तीच्या खुणा बहुधा ओढ्याकाठी, टाकलेल्या दगडगोट्यांच्या ढिगांलगत असतात. रचलेल्या दगडांची भिंत दिसली की 'ही चिन्यांचीच' असं इथे कुणीही ठोकून देतं. त्यावर विश्वास ठेवू नका. दगड इटालियनांनीही रचले आणि कॉर्निश (इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या) लोकांनीही.

एक व्यवहारातली गोष्ट. ज्या ओढ्यांत सोनं धुतलं गेलं त्यांच्या मातीत पाराही आहे, कारण सोनं पकडायला तोच वापरत. हातमोजे घाला आणि डबा उघडण्याआधी हात धुवा.

आमच्या जागेत कुंपणाचा खांब रोवताना हे नाणं मिळालं, फोटो सोबत आहेत. कुठल्या राजाचं आणि किंमत काय? ओळखता यावं म्हणून चिंचेनं घासून घेतलंय. (एक वाचक, प्लॅसरव्हिल)

चिंच! आजीच्या समईला लावतात ती जमिनीतून आलेल्या नाण्याला लावायची नसते. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी तर मुळीच नको. दीडशे वर्षं मातीत राहून पितळेवर जो गडद थर बसतो तोच त्याला सांभाळत असतो. तो घासला की खालचा धातू उघडा पडतो, आणि मातीतले क्लोराइड आत शिरलेले असतील तर फिकट हिरवी, हाताला लागणारी पूड येऊ लागते. ती पूड दिसली तर नाणं इतर नाण्यांपासून वेगळं करा आणि सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. पुढच्या वेळी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवायचं, पाणी बदलत राहायचं आणि मऊ ब्रशनं सैल माती तेवढी काढायची.

नाणं मात्र छान आहे. चार चिनी अक्षरं वर, खाली, उजवीकडे, डावीकडे या क्रमानं वाचायची. वरची-खालची जोडी म्हणजे राजवटीचं नाव, उजवी-डावी म्हणजे 'चलनी नाणं' अशा अर्थाचा शिक्का, जो बहुतेक सगळ्या नाण्यांवर तोच असतो. तुमचं चियेनलुंग सम्राटाच्या राजवटीचं, म्हणजे १७३६ ते १७९५ मधलं. पाठीमागची दोन अक्षरं चिनी नाहीत, मांचू आहेत, कारण तेव्हा चीनवर राज्य करणारं छिंग घराणं मांचू. मला ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कुणीतरी मोडी उभी करून लिहिल्यासारखी वाटली. डावीकडचं अक्षर सगळ्यांत समान, उजवीकडचं टांकसाळीचं नाव. तुमच्यावर पेकिंगच्या महसूल खात्याच्या टांकसाळीचं आहे, आणि हीच सर्वांत जास्त सापडते.

भिंग असेल तर कडेकडे पाहा. ही नाणी ठोकलेली नाहीत, ओतलेली आहेत. साच्यातून निघाली की कडांना ओबडधोबड शिरा राहत. मग नाण्यांची चळत चौकोनी सळईत ओवत आणि सगळ्यांच्या कडा एकदम कानशीनं घासत. भोक गोल असतं तर नाणी सळईवर फिरली असती; चौकोनी असल्यामुळे घट्ट बसतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत उजव्या कडेला बारीक समांतर रेघा दिसतात, त्या त्या कानशीच्या. चिंचेनं तेवढं तरी सोडलं.

आता एक गफलत टाळा. नाणं १७९५ च्या आधीचं म्हणून तुमच्या जागेवर तेव्हा चिनी माणूस होता असं होत नाही. ही नाणी चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत. १८५० च्या दशकात आलेल्या माणसाच्या खिशात पणजोबांच्या काळचं नाणं असणं अगदी सामान्य. याउलट क्वांगश्यू राजवटीचं नाणं मिळालं असतं, तर वस्ती निदान १८७५ नंतर जागती होती हे कळलं असतं. कधीकधी अशा जागी व्हिएतनामच्या मिन्ह मांग राजाचीही नाणी निघतात. त्यामुळे दचकू नका. दक्षिण चीनच्या बाजारात तीही मिसळलेली असत.

हे नाणं इथे कुणी खर्चत नव्हतं. दुकानात डॉलर आणि सोन्याची पूड चाले. नाणी लागत ती फान-तान नावाच्या जुगारासाठी. मूठभर नाणी वाटीखाली झाकायची, पैजा लागल्या की वाटी उचलून काडीनं चार-चार बाजूला सारायची, आणि शेवटी एक, दोन, तीन की चार उरतात त्यावर हार-जीत. काही नाणी दोऱ्यात ओवून शुभ म्हणून घरात टांगत, काही औषधोपचारातही वापरत.

किंमत? अशी साधी नाणी बाजारात डॉलर-दोन डॉलरला मिळतात. कुंपणाचा खांब तुम्हाला त्याहून महाग पडला असेल. पण खांबाची जागा, खोली आणि आसपास काय दिसलं ते आजच कागदावर लिहून नाण्याबरोबर ठेवा. बाजारातल्या नाण्याला ते कधीच मिळत नाही.

मुलीकडे ऑबर्नला आले आहे. तिच्या शेजाऱ्यांनी पत्र्याचं एक पातळ पितळी झाकण दाखवलं, त्यावर दाबून उठवलेली चिनी अक्षरं आहेत. ते म्हणतात चहाच्या डब्याचं. मला शंका येते. (एक वाचक, नाशिक)

तुमची शंका रास्त आहे. फोटोवरून हे अफूच्या डब्याचं झाकण दिसतं. डबा साधारण तळहाताएवढा उंच, चपटा आयताकृती, पातळ पितळी पत्र्याचा आणि हातानं डाख देऊन जोडलेला. झाकणावर कारखान्याचा छाप. 'फूक लुंग' आणि 'लाय युएन' हे हाँगकाँगचे छाप या भागात ओळखीचे आहेत. एका डब्यात पाच ताएल, म्हणजे १९० ग्रॅमच्या आसपास ओढायची अफू येई. लक्षात ठेवा की हा चोरटा माल नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात त्यावर रीतसर जकात भरली जाई. ओढायच्या अफूच्या आयातीवर अमेरिकेनं सरसकट बंदी घातली ती १९०९ मध्ये.

आता तुम्ही नाशिकच्या, म्हणून हे सांगतेच. ती अफू पिकत होती आपल्याकडे. हाँगकाँगचे मक्तेदार कच्ची अफू शिजवून डब्यांत भरत, आणि ती कच्ची अफू बहुतकरून कलकत्त्याच्या लिलावातली, पाटणा आणि बनारस छापाची असे. दुसरी मोठी वाट मुंबईची. माळव्याची अफू, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातली, ईस्ट इंडिया कंपनीला पासाचे पैसे भरून मुंबई बंदरातून चीनकडे जाई. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थांचा मुंबईकर आजही फायदा घेतात. तेव्हा 'चिनी लोक नशेबाज होते बाई' असं शेजारी म्हणाले, तर त्यांना गाझीपूरच्या अफूच्या कारखान्याबद्दलही सांगा.

झाकणाला एखादं भोक पाडलेलं किंवा कड दुमडलेली दिसते का ते बघा. रिकाम्या डब्याचा पितळी पत्रा कुणी टाकून देत नसे. त्याची नरसाळी, गाळणी, दिव्याचे भाग करत, भांड्यांना ठिगळं लावत. तसं काही असेल तर फोटो पाठवा. मला डब्यापेक्षा ठिगळात जास्त रस आहे.

तुमचा लेख वाचून राग आला. जमिनीत कुजण्यापेक्षा वस्तू कुणाच्या तरी शोकेसमध्ये असलेली काय वाईट? पुरातत्त्ववाले स्वतः खोदत नाहीत आणि दुसऱ्याला खोदू देत नाहीत. (एक वाचक, सॅन होजे)

तुमच्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे. पैसा नसतो, माणसं नसतात, आणि खोदलेलंही वर्षानुवर्षं खोक्यांत पडून राहतं. तुमच्याच गावातलं उदाहरण आहे. मार्केट स्ट्रीटचं चायनाटाउन ४ मे १८८७ ला जाळण्यात आलं. १९८० च्या दशकात तिथे हॉटेल आणि इतर इमारती उभ्या राहायच्या होत्या, तेव्हा घाईघाईत खोदकाम झालं आणि खोकी गोदामात गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी स्थानिक चिनी वारसा संस्थेबरोबर ती उघडून नीट अभ्यासायला घेतली २००२ मध्ये. पंधरा वर्षांहून जास्त काळ धूळ. तुमचा राग समजतो.

पण त्या खोक्यांत काय निघालं ते पाहा. भाताचे वाडगे, सोया सॉसच्या तपकिरी बरण्या, दात घासायचे हाडाचे ब्रश, औषधाच्या बाटल्या, मुलांची खेळणी, डुकराची आणि माशांची हाडं, भाज्या-फळांच्या बिया. यातलं काय तुमच्या-माझ्या यंत्रावर वाजलं असतं? जवळजवळ काहीच नाही. डिटेक्टर धातू ऐकतो. तोही सगळा नाही, कारण आपण यंत्रात लोखंडाचा आवाज बंद करून ठेवतो. नाहीतर जुन्या खिळ्यांची कुरकुर ऐकून डोकं उठतं. आणि लोखंड बंद केलं की बिडाची कढई गेली, भाजी चिरायचा सुरा गेला, कुदळ गेली. सगळा संसार जमिनीत गप्प. मग स्वच्छ, गोड आवाज देणारं काय उरतं? भोकाची पितळी नाणी आणि अफूचे पितळी डबे.

इथल्या कुठल्याही हौशी संग्राहकाकडे जा. काचेच्या पेटीत मखमलीवर नाणी आणि झाकणं मांडलेली असतात. पाहुणा बघतो आणि म्हणतो, अरे, जुगार आणि अफू! १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा झाला, त्याआधीची कित्येक वर्षं वर्तमानपत्रं हेच दोन शब्द लिहीत होती. ज्या माणसांबद्दल ते लिहिलं गेलं ती दिवसभर दगड फोडत, संध्याकाळी भात शिजवत आणि पैसे साठवून गावी पाठवत. रेल्वेच्या समिट टनेलसाठी ग्रॅनाइट पोखरणारी हीच माणसं. १८६९ मध्ये अमेरिकेच्या पूर्व-पश्चिमेला जोडणारे रूळ एकत्र आले तेव्हा सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या मजुरांत बहुसंख्य चिनी होते. शोकेसमधून ती दिसतच नाहीत. हे कुणी मुद्दाम करत नाही. आपल्या हातातल्या कॉइलची (डिटेक्टरच्या टोकाच्या चकतीची) रचनाच तशी आहे. पण परिणाम तोच होतो, आणि मला शोकेसबद्दल जे वाईट वाटतं ते हे.

मागच्या पावसाळ्यानंतर एका रँचवर आम्ही जे केलं ते सांगते. मालकीणबाईंनी एका विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला बोलावलं होतं. मी आणि आणखी दोघांनी लोखंड चालू ठेवून सगळी सपाटी चालली. आवाज आला की खणायचं नाही, लहान झेंडी लावायची. लोखंडाला लाल, बाकीला पिवळी. विद्यार्थ्यांनी प्रत्येक झेंडीची जीपीएसवर नोंद घेतली. दुपारपर्यंत लाल झेंड्यांची एक लांबट चौकट तयार झाली: पडलेल्या झोपडीच्या खिळ्यांची. पिवळ्या झेंड्या बहुतेक दाराशी. चौकटीच्या मागच्या अंगाला मात्र यंत्र एकदम गप्प, आणि विद्यार्थ्यांच्या बाईंनी चाचणीचा खड्डा घ्यायला नेमकी तीच जागा निवडली. आमच्यातला एक जण म्हणाला, तिथे काही नाहीये. टीचभर खाली राख लागली आणि राखेत निळसर हिरव्या झिलईच्या वाडग्याचे तुकडे, डुकराच्या बरगड्या, आणि काचेची पांढरी-काळी बटणासारखी सोंगटी. फान-तानमध्ये नाण्यांऐवजी याही सोंगट्या वापरत. त्या काचेच्या, म्हणून आपल्याला कधी 'ऐकू' येत नाहीत.

डिटेक्टर वाईट नाही. १९८४ मध्ये मोंटानात लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर हौशी डिटेक्टरवाल्यांनी पुरातत्त्वज्ञांबरोबर असंच एकेका गोळीच्या जागेची नोंद करून काम केलं, आणि लढाई कशी सरकत गेली याचा नकाशा तयार झाला. वन खात्याचा 'पासपोर्ट इन टाइम' हा स्वयंसेवकांचा उपक्रम आहे, तिथेही विचारून बघा. राग असाच राहू द्या, कामाला येईल.

आम्ही मेरिसव्हिलच्या बाहेर जुनी बागायती जमीन घेतली. एका टोकाला विटांची, भट्टीसारखी पडकी बांधणी आहे आणि बाजूला बरेच उथळ खळगे. चिनी वस्ती असेल का? डिटेक्टर फिरवू का? (एक वाचक)

नको. अगदी नको. यंत्र गाडीतच राहू द्या.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ती दफनभूमी असण्याची दाट शक्यता आहे. चिनी दफनभूमीत विटांची एक भट्टी असते. पितरांसाठी कागदी पैसे, कागदी कपडे त्यात जाळतात. आणि खळगे रिकामे असू शकतात, याचंही कारण आहे. परमुलखात मेलेल्या माणसाची हाडं शेवटी गावच्या मातीत जावीत अशी तजवीज असे. काही वर्षांनी थडगं उघडून हाडं धुऊन, मोजून पेटीत भरत आणि त्या-त्या तालुक्याची संघटना ती जहाजानं हाँगकाँगला पाठवी. तिथल्या तुंग वा हॉस्पिटलची माणसं, १८७० पासूनची ही संस्था, पेट्या उतरवून घेऊन गावोगाव पोचवत. पण सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. ज्याच्या नातेवाइकांचा पत्ता लागला नाही, ज्याचे पैसे भरले गेले नाहीत, तो तिथेच राहिला. कुठला खळगा रिकामा आणि कुठला नाही हे वरून कळत नाही.

कॅलिफोर्नियात मानवी हाडं दिसली की काम जागच्या जागी थांबवून काउंटीच्या कॉरोनरला (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवणं बंधनकारक आहे. अजून काही दिसलं नसलं तरी काउंटीच्या नियोजन कार्यालयात जुने नकाशे बघा आणि मेरिसव्हिलमधल्या चिनी देवळाच्या मंडळींना भेटा. त्या गावात चिनी समाज अखंड नांदतोय आणि बोक काय देवाचा उत्सव दर वसंतात होतो. कुणाचं कोण तिथे आहे हे कदाचित त्यांच्या वह्यांत असेल.

मेलबर्नला असते. बेंडिगोकडे सोनं शोधायला जातो, माइनर्स राइट काढलंय. चिनी नाणं मिळालं तर ठेवता येतं ना? (एक वाचक)

माइनर्स राइट हा परवाना खनिजासाठी आहे: सोन्याचा गोळा तुमचा, जुनी वस्तू नाही. तुमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या २०१७ च्या वारसा कायद्यानं पंचाहत्तर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय जागा संरक्षित आहेत, यादीत असोत वा नसोत. चिनी छावणीच्या खुणा दिसल्या की कॉइल उचला आणि पुढे व्हा.

बेंडिगोला गेलातच तर गोल्डन ड्रॅगन संग्रहालय बघा. आणि वेळ असेल तर दक्षिण ऑस्ट्रेलियात रोबला जा. व्हिक्टोरियानं १८५५ मध्ये जहाजानं येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंड कर लावला. तो चुकवायला जहाजं शेजारच्या वसाहतीत, रोबला लागू लागली, आणि तिथून हजारो माणसं चारशेहून जास्त किलोमीटर चालत खाणींवर गेली. वाटेत अशाच एका जथ्याला १८५७ मध्ये अरारातला सोनं लागलं, आणि ते गाव त्यांच्यामुळे वसलं.

मुंबईत अशी एखादी जुनी चिनी जागा आहे का? आणि गडकिल्ल्यांवर डिटेक्टर नेला तर? (एक वाचक, लालबाग)

दुसऱ्याचं उत्तर आधी आणि एका दमात: नेऊ नका. संरक्षित किल्ल्यावर खणणं गुन्हा आहे, आणि १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धनही कलेक्टरला कळवावं लागतं.

पहिल्यासाठी लालबागहून फार लांब जायला नको. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरा आणि माझगावात 'सी युप कून' विचारा. साध्या रहिवासी इमारतीत वरच्या मजल्यावर चिनी देऊळ आहे, १९१९ चं. दर्यावर्दी आणि गोदीत कामाला आलेल्या चिनी लोकांनी ते उभं केलं. सी युप म्हणजे ग्वांगडोंगमधले चार तालुके. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत रेती धुणारी माणसं मोठ्या प्रमाणावर याच चार तालुक्यांतून आली होती. देवही तोच, लाल चेहऱ्याचा क्वान कुंग. इथे उत्तरेला वीव्हरव्हिलमध्ये १८७४ चं लाकडी देऊळ आहे, तिथेही मी त्याच्यापुढे उभी राहिले आहे. माझगावच्या देवळात एका कुटुंबाकडे देखभाल असते, तेव्हा भर दुपारी दार ठोठावू नका. चिनी नववर्षाच्या सुमारास गेलात तर सगळं उघडं आणि सजवलेलं असतं.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवणाऱ्यांना विनंती: वस्तूच्या दोन्ही बाजू, शेजारी पट्टी, आणि कुठे सापडली ते एका ओळीत. जागेचा नेमका पत्ता मात्र छापायला देऊ नका. मी छापणार नाही, पण पत्र संपादकांच्या टेबलावर उघडंच पडलेलं असतं.